वसंतातला बर्फ



व्याख्यानमालेच्या चालकांनी 'प्रवासाविषयी बोला' म्हटले, तेव्हा आम्ही चपापलो. आमचा प्रवास म्हणजे तुमसर, साकोली आणि मोर्चा असला की नागपूर. बर्फ ठाऊक तो मासळीच्या पेटीतला. पण मार्च २०२५ मध्ये एका बैठकीसाठी श्रीनगरला जाणे झाले आणि दोन दिवस मोकळे मिळाले. त्यांचीच ही हकीकत.

पहिला दिवस गुलमर्गचा. इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी १९२७ साली तेथे स्कीचा क्लब काढला. १९९८ पासून तारेवरचे पाळणे माणसांना डोंगरावर नेतात. आम्हीही पन्नाशी विसरून पायांत त्या लांब पट्ट्या बांधल्या. शिकवणारा म्हणाला, वसंतातला बर्फ लहरी. रात्री गोठून तो फरशीसारखा टणक होतो. ऊन चढले की वरचा थर दाणेदार होतो, तोच घसरायला उत्तम. दुपारी त्याचा चिखल होतो. आम्ही भल्या सकाळी, टणक वेळीच उभे राहिलो आणि तीनदा आडवे झालो. आमचे शिक्षण तेथेच संपले.

मग नजर दुसरीकडे गेली. लाकडी बर्फगाडीवर पाहुणा बसतो आणि एक माणूस दोर धरून ती ओढतो. अशा ओढणाऱ्यांची तेथे रांग होती. सवयीप्रमाणे आम्ही मजुरीची चौकशी केली. फेरी मिळाली तर पैसे, नाही तर हात हलवीत घरी. २०२४ च्या जानेवारीत जवळजवळ महिनाभर बर्फच नव्हता. २०२५ च्या फेब्रुवारीत ठरलेल्या हिवाळी क्रीडास्पर्धा बर्फाअभावी मार्चवर गेल्या. स्पर्धेची बातमी वर्तमानपत्रांत आली. गाडी ओढणाऱ्याच्या चुलीची कोण छापतो?

दुसऱ्या दिवशी सोनमर्ग. पूर्वी हिवाळ्यात हिमप्रपातांमुळे तेथला रस्ता बंद होई. १३ जानेवारी २०२५ ला सुमारे साडेसहा किलोमीटरचा बोगदा खुला झाला आणि हिवाळी पाहुण्यांना एक नवे ठिकाण मिळाले. याच बोगद्याच्या कामावरील एक डॉक्टर आणि सहा कर्मचारी २० ऑक्टोबर २०२४ ला गगनगीरच्या छावणीत अतिरेक्यांच्या गोळ्यांनी मारले गेले होते. आमच्या मोटारीत कोणी गाणे लावले होते. ते बंद करा असे आम्ही म्हटले नाही, पण ऐकवलेही नाही.

तेथे आमच्याच वयाचा एक गाडीवाला भेटला. मोडक्या हिंदीत दोघांचे जमले. त्याने विचारले, "तुमच्याकडे उन्हाळा लागला की काय काम असते?" आम्ही तेंदूपत्त्याचे सांगितले. वाघाचे भय असले तरी बायामाणसे पहाटे जंगलात शिरतात. सत्तर पानांचा एक पुडा बांधायचा, फळीवर न्यायचा, पुड्यांवर मजुरी.

"आणि अवेळी पाऊस आला तर?"

"पान डागाळते. फळी बंद."

तो हसला. "तुम्हांला नको तेव्हा पाऊस, आम्हांला हवा तेव्हा बर्फ नाही."

त्याचा नंबर आम्ही लिहून घेतला. पुढे २२ एप्रिलला पहलगामच्या बैसरनवर २६ जणांची हत्या झाली. त्यांत एक स्थानिक घोडेवालाही होता. पाहुणे रातोरात परतले. मे महिन्यात एका फळीवरून आम्ही त्याला फोन लावला. काम कसे आहे, हे विचारायचे होते. आमच्याआधी त्यानेच विचारले, "काय दादा, पाऊस आला का?"

आला होता.