हृदयाच्या चित्रातील सावली

क्ष-किरणांचे चित्र काढताना किरण बाहेरून येतात आणि देहातून आरपार जातात. हृदयाच्या अणुवैद्यकीय चित्रणात याच्या उलट घडते. टेक्नेशियम-९९एम या किरणोत्सर्गी द्रव्याने अंकित केलेले औषध अत्यल्प प्रमाणात शिरेतून टोचतात. ते रक्ताबरोबर हृदयाच्या स्नायूत जाऊन मुरते आणि तेथून निघालेले किरण बाहेरचा गॅमा कॅमेरा टिपून घेतो. हा कॅमेरा हॅल अँगर यांनी बर्कलीस १९५०च्या दशकात बांधला. ज्या भागाला रक्त भरपूर तो उजळ, ज्याची रक्तवाहिनी अरुंद तो फिका. श्रमात फिका पडलेला भाग विश्रांतीत उजळला, तर रक्तपुरवठा तोकडा समजावा; दोन्ही वेळा फिकाच राहिला, तर तेथील स्नायू बहुधा मृत झाला असावा.

अर्थ सरळ दिसतो खरा. परंतु किरण वाटेत अडले तरीही चित्र फिके पडते. टेक्नेशियमच्या किरणांपैकी जवळजवळ निम्मे किरण साडेचार सेंटिमीटर मांसल भागातच अडतात किंवा विखुरतात. स्त्रियांमध्ये स्तनांमुळे हृदयाची पुढची भिंत झाकोळते, पुरुषांमध्ये बहुधा श्वासपटलामुळे खालची. मग धडधाकट मनुष्य रोगी ठरतो आणि त्याच्या धमनीत नळी घालण्याची वेळ येते. उलटपक्षी, प्रत्येक सावली देहाचीच मानणारा वैद्य एखाद्या खऱ्या रोग्याला निश्चिंत मनाने घरी पाठवील, आणि ही चूक अधिक महाग पडते.

यावर साधा उपाय म्हणजे रोग्याला पालथे निजवून पुन्हा चित्र घेणे. श्वासपटलाची सावली असेल तर ती पुष्कळदा हटते. दुसरी युक्ती मोठी मार्मिक आहे. हृदयाच्या विद्युत्-आलेखाशी जुळवून प्रत्येक ठोक्याचे अनेक भाग पाडतात व भिंतीची हालचाल पाहतात. मेलेला स्नायू आकसत नाही, जाड होत नाही. दोन्ही चित्रांत फिकी दिसणारी भिंत ठोक्यागणिक नीट जाड होत असेल, तर तो फिकेपणा खोटा मानण्यास चांगला आधार मिळतो.

सीटी यंत्राने देहाची घनता मोजून किरणांची तूट भरून काढता येते. मात्र सीटी काही क्षणांत उरकते आणि हृदयाचे चित्र काही मिनिटे चालते. तेवढ्यात श्वास होतात, रोगी हलतो. दोन्ही चित्रे नीट बसली नाहीत, तर हृदयाच्या भिंतीला फुप्फुसाची विरळ घनता लागू होते आणि उपायातूनच नवा खोटा डाग निपजतो. म्हणून जुळणी तपासल्यावाचून दुरुस्त चित्रावर विसंबणे धोक्याचे.

याहून अवघड प्रसंग म्हणजे तिन्ही मुख्य धमन्या सारख्याच अरुंद होणे. चित्र तुलनेवर उभे असल्याने अशा वेळी सगळेच सारखे दिसते. तेथे रुबिडियम-८२ वापरून पेट यंत्राने दर ग्रॅम स्नायूला मिनिटाला किती रक्त मिळते तेच मोजतात. हे द्रव्य सव्वा मिनिटात निम्मे होते, म्हणून ते रोग्याजवळच जनित्रातून काढावे लागते.

अखेर एक घरगुती बाब. कित्येकांना चालता-धावता येत नाही; त्यांना अ‍ॅडेनोसिनसारखे औषध देऊन धमन्या रुंदावतात. चहा-कॉफीतील कॅफिन नेमके हेच औषध निष्प्रभ करते, आणि खरा रोग चित्रात दिसेनासा होतो. म्हणून तपासणीपूर्वी किमान बारा तास चहा वर्ज्य असतो, आणि सकाळी घरून निघताना घेतलेला अर्धा कपही तंत्रज्ञाला सांगावा लागतो.