निबंध कुणी लिहिला?

(शिक्षक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. एआयबद्दल बोलण्याआधी शाळेतला एक प्रसंग सांगतो. आठवीत मी पावसाळ्यावर निबंध लिहिला. बाईंनी वही उचलून सगळ्या वर्गासमोर विचारलं, "तुमच्या घरी एवढी शुद्ध मराठी कोण बोलतं? कुणाकडून लिहून आणलास?" निबंध माझाच होता. पुढचे कितीतरी दिवस मी मुद्दाम साधं, मोडकंतोडकं लिहीत राहिलो.

तेव्हा एआय नव्हता, संशय होता. आज संशयाला नवं नाव मिळालंय: "चॅटजीपीटीनं लिहिलंय ना?" काही शिक्षक त्यासाठी तपासणीची सॉफ्टवेअर वापरतात. त्यांच्यावर विसंबून निकाल देऊ नका. ओपनएआय या कंपनीनं स्वतःच २०२३ च्या जानेवारीत असं साधन आणलं होतं. त्यांच्याच चाचणीत माणसांनी लिहिलेल्या इंग्रजी मजकुरांपैकी ९ टक्के त्यानं यंत्राचे ठरवले. अचूकता कमी म्हणून जुलैत ते बंद झालं. त्यापेक्षा मुलीला जवळ बसवून विचारा, "हे वाक्य तुला कसं सुचलं?" पाच मिनिटांत कळतं.

शिक्षक मला म्हणतात, "मुलांना आमच्यापेक्षा जास्त येतं, भीती वाटते." मुलांना बटणं येतात. उत्तर बरोबर की चूक, हे तुम्हाला येतं. हे यंत्र शिकवलेल्या अफाट मजकुराच्या आधारे पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधत जातं. त्यामुळे चुकलं तरी त्याचा सूर ठामच असतो. मराठीतला मजकूर इंग्रजीपेक्षा खूपच कमी, म्हणून आपल्या माणसांविषयी विचारताना जास्त सावध राहायचं.

एक तास असा घेऊन बघा. शिक्षकाच्या एकाच फोनवर किंवा लॅपटॉपवर विचारा, "हमीद दलवाईंनी काढलेल्या पहिल्या मोर्चाची माहिती दे." उत्तर फळ्यावर उतरवा. मग मुलांना ग्रंथालयातल्या पुस्तकांतून ते तपासू द्या. मोर्चा १८ एप्रिल १९६६ चा, मुंबईतला. मुस्लिम महिला सात. मागणी तोंडी तलाकबंदीची. यंत्रानं आकडा किंवा साल चुकवलं, तर ते शोधणाऱ्या मुलीला लाल खडू द्या. बरोबर दिलं असेल, तर तेही पुराव्यानिशी सांगू द्या.

दोन पथ्यं पाळा. मुलांची नावं, गुण, आधार क्रमांक यंत्राला देऊ नका. आणि चॅटजीपीटीच्या अटींनुसार १३ वर्षांखालच्या मुलांनी ते वापरायचं नाही, १८ पर्यंत पालकांची परवानगी लागते. म्हणून लहान वर्गांत यंत्र शिक्षकाच्याच हाती असू द्या.

मुलांनो, तुम्हालाही सांगतो. यंत्राची मदत घेतलीत तर वहीत खाली लिहा: काय विचारलं, काय घेतलं, काय बदललं. लपवावं लागलं नाही, की भीतीही राहत नाही.

आणि शिक्षकांनो, उद्या एखाद्या शबानाचा निबंध फार चांगला वाटला, तर आधी शाबासकी द्या. प्रश्न त्यानंतर विचारा.