हगाम्यातलं इनाम घेतलं, तर कॉलेजकडून खेळता येतं का?

चैत्र लागला की आपल्या जुन्नर-आंबेगावात यात्रांचा हंगाम सुरू होतो. सकाळी घाटात बैलगाडे, दुपारी कुस्त्यांचा हगामा आणि रात्री नारायणगावला सुपारी देऊन ठरवलेला तमाशा. हगाम्यात आधी लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या होतात, मग इनाम वाढत जातं, आणि शेवटच्या निकाली कुस्तीला अख्खं गाव उभं राहून बघतं.

आता प्रश्न असा, की बारावीतला किंवा कॉलेजातला पैलवान या आखाड्यात उतरला, चितपट कुस्ती केली आणि रोख इनाम खिशात घातलं, तर तो ‘प्रोफेशनल’ झाला का? शालेय स्पर्धा, विद्यापीठाचा संघ, नोकरीतलं खेळाडूंचं आरक्षण, हे सगळं हातचं जाईल का? ही भीती बऱ्याच पोरांना असते. पालकांना तर जास्तच.

ही भीती आली कुठून, ते आधी बघू. ‘अमॅच्युअर’, म्हणजे हौशी खेळाडू, ही कल्पना एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या बड्या लोकांची. तिथल्या हेन्ली बोट शर्यतीचा 1879 चा नियम ऐका. पैशासाठी खेळणारा तर बाहेरच, पण कारागीर आणि मजूरही बाहेर! म्हणजे आपल्याकडचा रोजंदारीवर कांदा काढायला जाणारा पोरगा एक रुपया न जिंकताच बाद झाला असता. नियम खेळाच्या शुद्धतेचा म्हणायचा, आणि दार मात्र गरिबाला बंद.

हाच विचार पुढे ऑलिंपिकमध्ये आला. अमेरिकेच्या जिम थॉर्पने 1912 ला स्टॉकहोममध्ये दोन सुवर्णपदकं जिंकली. त्याआधी तो थोड्या पैशांसाठी बेसबॉल खेळला होता, एवढ्यावरून 1913 मध्ये ती काढून घेतली. तो वारल्यावर कितीतरी वर्षांनी ती परत मिळाली, आणि एकमेव विजेता म्हणून त्याचं नाव लागायला 2022 उजाडलं.

आता आपल्या मातीतलं उदाहरण. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. 1952 ला हेलसिंकीत कुस्तीत कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जायला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतः लढले आणि त्या पैशातून प्राचार्यांचं कर्ज फेडलं, असं सांगितलं जातं. आता विचार करा, त्या काळी ऑलिंपिकला हौशीपणाचा नियम कडक होता. कागदावर बघितलं तर मैदानातली कमाई म्हणजे डाग. आपल्याकडे मात्र तोच पैसा माणसाचं घर सोडवणारा.

पुढे काळ बदलला. 1980 च्या दशकात ऑलिंपिकने ही अट हळूहळू सैल केली. 1992 ला बार्सिलोनात अमेरिकेचे करोडपती बास्केटबॉलपटू उतरले आणि विषयच संपला. आपली गंमत बघा. देशातली कबड्डीची संघटना नावाने आजही ‘अमॅच्युअर कबड्डी फेडरेशन’. आणि 2014 पासून प्रो कबड्डीत खेळाडूंचा लिलाव होतो. 2023 च्या लिलावात पवन सेहरावतला अडीच कोटींच्या वर बोली लागली!

मग तुमच्या प्रश्नाचं उत्तर काय? कुस्ती-कबड्डीत यात्रेतलं इनाम घेतलं, एवढ्याच कारणाने बाद व्हायचा काळ गेला. शालेय स्पर्धेला मुख्यतः वय आणि शाळेची नोंद बघतात. आंतरविद्यापीठ स्पर्धेला वय आणि तुम्ही नियमित विद्यार्थी आहात का, ते बघतात. सरकार स्वतःच खेलो इंडियात निवडलेल्या खेळाडूला महिन्याला दहा हजार रुपये हातखर्च देतं. आपल्या शेजारच्या खेड तालुक्यातला शिवराज राक्षे 2023 ला महाराष्ट्र केसरी झाला, तेव्हा गदेसोबत थार गाडी आणि रोख बक्षीस मिळालंच ना?

पण थांबा, पोरं अडकतात ती दुसरीकडेच.

पहिलं, वय. जन्मतारखेत फेरफार केला तर जिंकलेलं सगळं जातं.

दुसरं, मान्यता. काही खेळांत संघटनेची मान्यता नसलेली स्पर्धा खेळलं की कारवाई होते. 2007 ला इंडियन क्रिकेट लीगमध्ये गेलेल्यांवर बीसीसीआयने बंदी घातली होती. आपापल्या खेळाचा नियम जिल्हा संघटनेला विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

तिसरं, प्रमाणपत्र. राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. ते मिळतं मान्यताप्राप्त स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर, आणि त्याचीही पडताळणी होते. गावातली दहा इनामं तिथे चालत नाहीत. निवड चाचणी आठवड्यावर असताना हजार रुपयांच्या कुस्तीत खांदा निखळला, तर हिशोब तुम्हीच करा.

चौथं, परदेश. अमेरिकेत कॉलेजची स्कॉलरशिप घ्यायची असेल तर बक्षिसाचा प्रत्येक डॉलर आधी तपासा. तिथली टेनिसपटू रीस ब्रँटमायर हिला 2021 च्या यूएस ओपनमधली बरीच कमाई सोडावी लागली, आणि 2024 मध्ये ती कोर्टात गेली. मजा अशी, की 2025 पासून तिथली कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. नियम भराभर बदलतायत, म्हणून जुन्या व्हॉट्सअॅप फॉरवर्डवर जाऊ नका.

शेवटी एकच. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा भाव पडला की पहिली कात्री पोराच्या खुराकावर लागते. दूध, बदाम, तूप, तालमीचं भाडं, सगळं त्या इनामावर चालतं. त्यामुळे इनाम घ्यायला लाजू नका. घेतलेलं वहीत लिहून ठेवा, रक्कम मोठी असेल तर कराचं सीएला विचारा, आणि प्रमाणपत्रांची फाईल पत्र्याच्या पेटीत जपून ठेवा. इनाम यंदाचा खुराक देईल, पुढची नोकरी ती फाईल देईल.

तुमच्या गावच्या हगाम्यात काय चालतं, ते व्हॉइस मेसेज करून सांगा. भेटू पुढच्या भागात. राम राम!