रीलचे पैसे द्यायचे कसे? फुकट माल, ठरलेली फी की कमिशन

सणासुदीचे दिवस जवळ आले की माझ्याकडे दोन प्रकारचे मेसेज सुरू होतात. घरगुती ब्रँड चालवणारे विचारतात, ‘एका रीलचे किती द्यायचे?’ आणि क्रिएटर्स विचारतात, ‘किती मागायचे?’ माझा दोघांनाही उलटा प्रश्न असतो. किती ते नंतर बघू, आधी हे पैसे कशाचे ते ठरलंय का? रील बनवण्याच्या मेहनतीचे, की माल खपण्याचे? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बहुतेक भांडणं या दोन्हींची भेळ झाल्यामुळे होतात.

आकडे घेऊन बघू. समजा, तुमचा काळ्या मसाल्याचा छोटा ब्रँड आहे. पाकीट 250 रुपयांना जातं, सगळा खर्च वजा जाता हातात 100 रुपये उरतात. सोलापूरची एक ताई स्वयंपाकाच्या रील्स करते, तिच्याकडून तुम्हाला एक रील करून हवंय.

तिला ठरलेली फी दिली, 5,000 रुपये, तर 50 पाकिटं जास्तीची खपेपर्यंत तुम्ही तोट्यात. 40च खपली तर हजार रुपये खिशातून गेले. आता दुसरं टोक, नुसतं कमिशन. पाकिटामागे 25 रुपये. 40 खपली तर तुम्हाला 3,000 उरले आणि ताईला मिळाले 1,000. भाजी आणणं, शूट, एडिटिंग, व्हॉइसओव्हर असं दोन दिवसांचं काम, हजार रुपयांत! ब्रँडला हा सौदा गोड वाटतो, कारण जोखीम सगळी तिच्या डोक्यावर गेली.

पण विक्री काय एकट्या तिच्या हातात असते? स्टॉक संपला, कुरिअर अडकलं, कॅश ऑन डिलिव्हरीचं पार्सल दारातून परत आलं, यात तिचा काय दोष? आणि आपल्याकडे खरी गंमत कूपन कोडची आहे. रील बघून काकू थेट व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर देतात, कोड सांगायचा राहूनच जातो. कोणी प्रदर्शनात स्टॉलवर येऊन ‘तो रीलमधला मसाला द्या’ म्हणतं. विक्री झाली तिच्यामुळे, हिशेबात ती कुठेच नाही.

म्हणून मी छोट्या ब्रँडना मिश्र पद्धत सुचवते. याच उदाहरणात 3,000 रुपये फी आणि पाकिटामागे 20 रुपये. 40 खपली तर तिला 3,800 आणि तुम्हाला 200. फार नाही, पण तोटाही नाही. 100 खपली तर तिचे 5,000 आणि तुमचेही 5,000. फी तिच्या कामाची, कमिशन नशिबाचं आणि मालाचं. व्ह्यूजवर पैसे मात्र मी टाळायलाच सांगते. व्ह्यूज विकत मिळतात, मसाला खाणारी माणसं नाही मिळत.

आता बार्टर, म्हणजे ‘माल पाठवतो, रील करा’. मला हे सरसकट वाईट वाटत नाही. दोनशे-अडीचशेची वस्तू असेल, आवडली तर बोला नाहीतर नका बोलू, अशी मोकळीक असेल तर ठीक. पण तारीख, स्क्रिप्ट, तीन वेळा बदल आणि मोबदल्यात दोन पाकिटं? त्याला वेठबिगारी म्हणतात. मसाल्याने लाइट बिल भरता येत नाही हो.

आणि बार्टर फुकट आहे या भ्रमात कोणीच राहू नका. 1 जुलै 2022 पासून आयकर कायद्यात 194आर हे कलम लागू झालं. एका वर्षात 20,000 रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या वस्तू किंवा सोयी अशा मिळाल्या तर 10 टक्के टीडीएस. म्हणजे 40,000चा फोन ठेवून घेतला तर 4,000 रुपये कर, तोही रोख, हातात दमडी आलेली नसताना! शूट करून फोन परत केला तर मात्र तो लाभ धरत नाहीत. अगदी लहान घरगुती धंद्यांना हा टीडीएस कापावा लागत नाही, पण क्रिएटरसाठी ते उत्पन्न असतंच.

पैसे नाही घेतले म्हणून जाहिरात आहे हे लपवताही येत नाही. जानेवारी 2023मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने इन्फ्लुएन्सर्ससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात फुकट मिळालेली वस्तू, सवलत, सहल हे सगळं ‘संबंध’ म्हणून धरलंय. तो उघड सांगायचा, व्हिडिओत दिसायलाही हवा आणि ऐकूही यायला हवा. वीस हॅशटॅगच्या गर्दीत कोंबलेला चालत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायद्यात 10 लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर 50 लाखांपर्यंत, आणि तो नुसता कंपनीला नाही, जाहिरात करणाऱ्या चेहऱ्यालाही होऊ शकतो. म्हणूनच क्रीम, केसांचं तेल, वजन कमी करायची पावडर यांसाठी मी नुसत्या कमिशनच्या विरोधात आहे. प्रत्येक डबीवर पैसे मिळणार म्हटल्यावर ‘मला बरं वाटलं’चं ‘सात दिवसांत फरक’ व्हायला वेळ लागत नाही.

फी ठरली की दोन गोष्टी वेगळ्या लिहून घ्या. ब्रँड तेच रील पैसे लावून जाहिरात म्हणून चालवणार असेल, तर किती महिने आणि त्याचे वेगळे किती? दुसरी, ‘तीन महिने दुसरा मसाला दाखवायचा नाही’ अशी अट असेल, तर त्या बंद दाराचेही पैसे होतात. क्रिएटर्स, हे तुम्ही बहुतेक वेळा फुकट देऊन टाकता!

राहिला वसुलीचा प्रश्न. ‘पेमेंट प्रोसेसमध्ये आहे’ हे वाक्य ऐकून कान किटले असतील तर उद्यम नोंदणी करून ठेवा. ऑनलाइन होते, शुल्क नाही. काम घेण्याआधी नोंदणी असेल तर लघुउद्योगांच्या कायद्यानुसार करारात काहीही लिहिलेलं असलं तरी 45 दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, आणि लेखी करारच नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. पुढच्या बिलावर उद्यम नंबर छापा आणि देय तारीख लिहा. भेटूया पुढच्या भागात.