सापाचे ताट

नागपंचमीला मराठी घरांत, मग ते घर पुण्याचे असो की रायपूरचे, पाटावर गंधाचा नाग काढून त्याला दूधलाह्यांचा नैवेद्य दाखवितात. चित्रातल्या नागाला तो पचतो. जिवंत नागाला दूध पचत नाही. साप मांसाहारी. गारुड्याचा नाग दुधाला तोंड लावतो तो तहानेपोटी.

मग त्याला द्यावे काय? परदेशी अजगर पाळणारे हल्ली गोठवलेले उंदीर देतात. कारण जिवंत उंदीर कोंडीत सापडला की सापालाच चावतो. उंदीर सापाच्या अंगाच्या जाडीएवढाच निवडावा. रात्रभर शीतकपाटात ठेवून त्यातला बर्फ वितळू द्यावा. मग पिशवीत घालून, गरम पाण्यात ठेवून ऊन करावा. मात्र तो शिजवू नये. आत बर्फ राहिला तर साप भक्ष्य ओकण्याची भीती असते. ऊब हवीच, अजगराच्या ओठांवरील खळग्यांना भक्ष्याची उष्णता जाणवते. उंदीर लांब चिमट्याने द्यावा आणि पुढे दोन दिवस सापाला हात लावू नये. गोठवल्याने सारे जंतू मरत नाहीत. म्हणून यासाठीची भांडी स्वयंपाकघराबाहेरच ठेवावीत.

आपल्या धामणीसाठी मात्र हा खटाटोप नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तिला पकडून पाळणे हा गुन्हा आहे. शिवाय रायपूरभोवतीच्या भातखाचरांत तिचे ताट वाढलेलेच असते. शेतकऱ्याचे धान खाणारा उंदीर ती थेट बिळात शिरून गाठते. बांधावर ती दिसली, तर काठी न उगारता तिला वाट द्यावी. तोच तिचा नैवेद्य.