खेळाला पारखे कोणी का राहावे?

(वर्धापनदिनी मंडळाच्या सभागृहात केलेले भाषण)



आज चार शब्द बोलावेत अशी मला आज्ञा झाली. मी म्हटले, "मला लाडू वळायला सांगा, भाषण नको." पण आपल्या कार्यवाहबाई ऐकतात थोड्याच! तेव्हा बरीच वर्षे मनाला टोचणारी एक गोष्ट सांगून टाकते.

माझी पुतणी लहानपणी पोलिओने एका पायाने अधू झाली. सुटीत घरची मुले अंगणात लंगडी, खोखो खेळत आणि ती ओट्यावर बसून गुण मोजी. "पडशील हो, तू आपली इथेच बस," असे सांगणारी मीच. मायेनेच सांगत होते. एक दिवस ती म्हणाली, "काकू, मला मोजायचं नाही. मला बाद व्हायचंय." मी हसले आणि पोळ्या लाटायला आत गेले.

त्या बोलण्याचा अर्थ मला फार उशिरा कळला. अमेरिकेतल्या मॅरिलिन हॅमिल्टन या बाईंची हकीगत नातीने मला वाचून दाखवली, तेव्हा. कापडी पंखांच्या सांगाड्याला लोंबकळून डोंगरावरून तरंगत जायचे, असा या बाईंचा छंद. 1978 साली त्यात अपघात झाला आणि कमरेखालचे अंग लुळे पडले. मिळाली ती चाकाची खुर्ची पोलादी, सुमारे पंचवीस किलोंची. मागून कोणी तरी ढकलील, याच हिशेबाने केलेली! बाईंचे दोन मित्र ते उडण्याचे सांगाडे बनवीत. बाईंनी त्यांना सांगितले, त्याच हलक्या ॲल्युमिनियमच्या नळ्यांची मला खुर्ची करून द्या. झाली की हो, निम्म्या वजनाची! पुढे तिघांनी कारखानाच काढला. खुर्च्यांना रंगही झकास दिले. बाई स्वतः अशा खुर्चीतून टेनिस खेळल्या आणि अजिंक्यपद मिळवून आल्या.

खेळाच्या खुर्चीची चाके पाहिलीत का? वर जवळ आणि खाली फाकलेली असतात. पाय फाकून उभे राहिले म्हणजे माणूस सहसा कलंडत नाही, तसेच ते. शिवाय खुर्ची चटकन वळते. टेनिसचा नियमही थोडा सैल केला आहे: चेंडूचे दोन टप्पे चालतात. बाकी खेळ तोच, घाम तोच.

सगळी साधने महागच असतात असे नाही. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला 1922 साली अंध कामगारांनी पत्र्याच्या डब्यात खडे घालून क्रिकेट सुरू केले. आज त्या खेळातल्या चेंडूत छर्रे असतात. तो जमिनीलगत टाकायचा आणि खुळखुळ्यासारखा वाजत आला की कानांनी हेरून मारायचा. 2025 साली अंध महिलांची पहिली टी-ट्वेंटी विश्वचषक स्पर्धा झाली, ती आपल्या भारताच्या मुलींनी जिंकली!

आणि जम्मूकडची शीतल देवी! जन्मतः दोन्ही हात नाहीत. पायाने धनुष्य धरते, आणि तिच्या गुरूंनी दोरी ओढून सोडण्यासाठी खांद्याला बांधायचे साधन जुळवून दिले. 2024 साली पॅरिसला तिने मिश्र दुहेरीत कांस्यपदक मिळवले. तिच्या गुरूंनी तिला 'तू मोज' म्हणून बाजूला बसवले असते, तर?

भगिनींनो, खेळाची चांगली खुर्ची फार महाग असते. ती आपल्या मंडळाला आज झेपणार नाही, हे मी जाणते. पण आपल्या या सभागृहाला तीन पायऱ्या आहेत. माझी पुतणी आज मागल्या रांगेत बसली आहे. पन्नाशी उलटली तिची. आता ती चाकाची खुर्ची वापरते. तिला खुर्चीसकट चौघींनी उचलून वर आणले. आपण सर्वांनी पाहिले, तिनेही मान खाली घालून सोसले.

मी पायऱ्या मोजपट्टीने मोजल्या. दीड फूट उंची भरली. एक फुटाला बारा फूट या हिशेबाने अठरा फुटांचा उतार बांधावा लागेल. रांगोळीची जागा जाईल, अशी कुजबूज माझ्या कानावर आली आहे. रांगोळी आपण उताराच्या कडेने काढू. यंदाच्या हळदीकुंकवाला वाण लुटण्याऐवजी ती रक्कम या कामाला द्यावी, अशी माझी सूचना आहे. माझे वाणाचे पैसे मी आजच कोषाध्यक्षबाईंकडे दिले आहेत. आणि अंगणातल्या मुलांसाठी दोन वाजणारे चेंडू घेऊ. डोळसांनीही डोळे बांधून खेळून पाहावे.

पुढल्या वर्धापनदिनी माझी पुतणी आपली आपण वर येवो आणि आपल्या संगीतखुर्चीत भाग घेवो. खुर्ची तर ती घरूनच आणणार, तेव्हा नियम काय करायचा ते तुम्हीच ठरवा! पहिल्याच फेरीत बाद झाली, तरी मी टाळ्या वाजवीन.