हवा हाही मागणीपत्रकातील विषय आहे
(भिलाई येथे कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



प्लास्टिकच्या कारखान्यांतील वाफा आणि वायुवीजन हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. पोलादाच्या या नगरीत प्लास्टिकविषयी बोलताना आरंभ मात्र झोतभट्टीच्या वायूपासून करावा लागतो. कारण कारखान्यातील हवेविषयीचा सर्वांत कठोर धडा भिलाईने तेथेच घेतला आहे.

१२ जून २०१४ रोजी भिलाई पोलाद कारखान्यात पाण्याच्या पंपात बिघाड झाला. वायू धुण्याच्या यंत्रणेतील पाण्याचा दाब घसरला आणि पाण्याच्या नळांच्याच वाटेने झोतभट्टीचा वायू उलटा पंपगृहात शिरला. या वायूत सुमारे एक चतुर्थांश भाग कार्बन मोनॉक्साइडचा असतो. त्याला रंग नाही, वास नाही. सहा जणांचा मृत्यू झाला. त्यांत दोन उपमहाव्यवस्थापक होते. ज्या वास्तूत केवळ पाणी असावयाचे, तिच्या हवेतच मृत्यू येऊन उभा राहिला होता. माणसाचे नाक हे मोजमापाचे साधन नव्हे, हा या दुर्घटनेचा पहिला निष्कर्ष होय.

आता प्लास्टिककडे वळू. येथे वास येतो, आणि म्हणूनच फसगत अधिक होते. सतत त्याच वासात वावरणाऱ्याचे नाक काही वेळाने बधिर होते. ‘आता सवय झाली’ असे तो समाधानाने सांगतो. सवय नाकाला होते, फुप्फुसाला होत नाही.

दाणे वितळवून साच्यात दाबण्याचे काम ज्या उष्णतेवर होते, तिची मर्यादा ओलांडली की पदार्थाचे विघटन सुरू होते. पीव्हीसीचे काम साधारणतः १७० ते २०० अंश सेल्सिअसच्या आसपास चालते. तो अधिक तापला किंवा बॅरलमध्ये फार वेळ पडून राहिला, तर हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. डोळ्यांतील व घशातील ओलाव्याशी संयोग होताच त्याचे आम्ल बनते. पॉलिस्टायरीनमधून स्टायरीनची वाफ निघते, तर ॲसिटल जातीच्या प्लास्टिकमधून फॉर्मल्डिहाइड. पीव्हीसी आणि ॲसिटल एकाच बॅरलमध्ये एकत्र आले तर स्फोटापर्यंत मजल जाऊ शकते. सर्वाधिक वाफा निघतात त्या बॅरल साफ करताना. नोझलमधून बाहेर पडलेला तप्त गोळा जमिनीवर धुमसत राहतो आणि तो उचलणारा कामगार नेमका त्यावर वाकलेला असतो. तो गोळा तत्काळ पाण्याच्या भांड्यात टाकणे, तापमानदर्शक यंत्र दुरुस्त राखणे आणि आधीचा माल पूर्ण काढल्याशिवाय दुसरा न भरणे, या उपायांना फारसा खर्च येत नाही.

यानंतर वायुवीजनाचा प्रश्न येतो. मालक भिंतीत एक एक्झॉस्ट फॅन बसवितो आणि निरीक्षकाला तो अभिमानाने दाखवितो. परंतु यंत्र एका टोकाला, पंखा दुसऱ्या टोकाला आणि कामगार मध्ये, अशी रचना असेल तर तो पंखा सारी वाफ कामगाराच्या तोंडावरूनच ओढून नेतो. वाफ जेथे उगम पावते तेथेच ती पकडली पाहिजे. शोषण नळीच्या तोंडाशी हवेचा जो वेग असतो, तो त्या तोंडाच्या व्यासाइतक्या अंतरावर जेमतेम एक दशांश उरतो. म्हणजे नळीचे तोंड वीतभर रुंद असेल, तर वीतभर दूर तिची ओढ जवळजवळ संपलेली असते. यंत्रापासून हातभर उंचीवर टांगलेले पत्र्याचे छत्र हे बहुतांशी शोभेचे ठरते, ते याच कारणाने. जेथे ज्वालाग्राही वाफ वा द्रावक नाही तेथे उदबत्तीचा धूर धरून पाहावा. तो नळीत जातो की आपल्या नाकाकडे येतो, हे कोणालाही कळेल. कापडी किंवा कागदी मुखपट्टीचे म्हणाल, तर ती धुळीचा काही अंश अडविते; वायू व वाफ तिच्यातून मोकळेपणाने आत जातात.

‘हे सारे परवडत नाही,’ असे उत्तर आपल्याला मिळते. या उत्तराला इतिहास आहे. जानेवारी १९७४ मध्ये अमेरिकेतील लुइव्हिल येथील गुडरिच कंपनीच्या कारखान्यात उघड झाले की, पीव्हीसीचा कच्चा माल असलेल्या व्हिनाइल क्लोराइडमध्ये काम करणारे कामगार यकृताच्या एका अतिदुर्मिळ कर्करोगाने मेले आहेत. तोपर्यंत हवेत त्याचे प्रमाण दशलक्ष भागांत ५०० भागांपर्यंत चालत असे. त्याच वर्षी ते एका भागावर आणण्याचा निर्णय झाला. उद्योग बुडेल असा आक्रोश मालकवर्गाने केला. उद्योग बुडाला नाही. यंत्रणा बंदिस्त करण्यात आल्या आणि उत्पादन चालूच राहिले. तंत्र अशक्य नव्हते. कायद्याचा दंडा पाठीत बसेपर्यंत ते मालकांना अनावश्यक वाटत होते, एवढेच.

आपल्या देशात ७ मे २०२० च्या पहाटे विशाखापट्टणमच्या एलजी पॉलिमर्स कारखान्यातील टाकीतून स्टायरीनची वाफ सुटली आणि बारा जण मृत्युमुखी पडले. टाळेबंदीच्या काळात टाकीतील तापमानाची व निरोधक रसायनाची योग्य काळजी घेतली गेली नव्हती. धोक्याचा भोंगाही वाजला नाही. सभोवतालची वस्ती झोपेतच गुदमरली.

कायदा काय सांगतो? १९४८ च्या कारखाने कायद्याचे कलम १४ असे की, धूळ व वाफ यांचे शोषण उगमस्थानाच्या शक्य तितक्या निकट व्हावे. भोपाळच्या हत्याकांडानंतर १९८७ साली त्या कायद्यात धोकादायक प्रक्रियांविषयीचे प्रकरण आले. सुरक्षा समितीत कामगारांचा सहभाग आणि संभाव्य धोक्याची सूचना देण्याचा अधिकार त्यात नोंदविला गेला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षितता संहितेने घेतली आहे. सूचना देण्याचा अधिकार तिच्यातही आहे. परंतु विजेवर चालणाऱ्या कारखान्याच्या व्याख्येसाठी लागणारी कामगारसंख्या १० वरून २० वर नेण्यात आली. तीन यंत्रे आणि पंधरा माणसे असलेले मोल्डिंगचे युनिट या व्याख्येनुसार ‘कारखाना’ राहत नाही. धारावीपासून वाळूजपर्यंत प्लास्टिकचे काम नेमके अशाच लहान जागांत मोठ्या प्रमाणावर चालते. वाफ मात्र हजेरीपटावरील नावे मोजून निघत नाही.

माझे काम भाषांतराचे आहे, म्हणून एका गोष्टीकडे आपले विशेष लक्ष वेधतो. रसायनांसोबत येणारे सुरक्षा माहितीपत्रक बहुधा इंग्रजीत असते आणि कचेरीच्या कपाटात राहते. ज्याच्या हातात दाण्यांची पिशवी आहे त्याला ते हिंदीत, छत्तीसगढीत, मराठीत मिळाले पाहिजे. आपण काय श्वासात घेतो हे जाणण्याचा अधिकार जर परभाषेत कोंडलेला असेल, तर तो अधिकारच नव्हे.

तेव्हा मागणीपत्रकात वेतन व बोनसच्या खाली हवेचे कलम लिहा: प्रत्येक यंत्राला उगमाशी शोषण, दर सहा महिन्यांनी हवेची मोजणी आणि तिचा आकडा फलकावर, कामगारांच्या भाषेत माहितीपत्रक, कंत्राटी कामगारालाही समान वैद्यकीय तपासणी व तिचा अहवाल त्याच्या हाती. शेवटची मागणी सर्वांत महत्त्वाची, कारण ठेकेदार बदलला की कामगाराच्या आजाराचा इतिहासही पुसला जातो. या भिलाईत कंत्राटी कामगारांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या शंकर गुहा नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ रोजी हत्या झाली आणि १ जुलै १९९२ रोजी रेल्वेमार्गावर बसलेल्या कामगारांवर गोळीबार झाला. इथला कामगार मागणीची किंमत जाणतो. न मागण्याची किंमत संथपणे, पाळीमागून पाळी, छातीतून वसूल होत असते. तिची नोंद ठेवण्याचे काम उद्यापासून प्रत्येक युनियनने हाती घ्यावे, एवढेच माझे सांगणे आहे.